बायपासचं गेट तू उघडलंस, परब

परब, काल तुझा तेरावा झाला आणि प्लांटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी अजून तुझ्यासाठी एक फूलसुद्धा टाकलेलं नाही. बाकी सगळ्यांनी टाकलं. ज्यांच्या रजा तू अडवल्यास त्यांनी टाकलं, पाठीमागे तुला 'इस्त्री' म्हणणाऱ्यांनी हात जोडून टाकलं. 'देवमाणूस गेला.' 'प्लांट पोरका झाला.' कसला पोरका होतोय! तू गेलास त्या सकाळीही लोकांनी फ्लश ओढले, मैला आला, जाळीत प्लास्टिक अडकलं, ब्लोअर घुमत राहिले. मी पॅनल रूममध्ये होते. हेल्पर शिंदे दारात येऊन म्हणाला, "परबसाहेब गेले. बाथरूममध्ये पडले, तिथेच." मी म्हटलं, "बरं." आणि मीटरकडे बघत बसले.

'बरं' एवढंच निघालं तोंडातून. वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, आता तर तुझ्याशी खोटं बोलायचं काही कारणच उरलं नाही.

आपण दोघं किती वर्षं बोलत नव्हतो ते तुला माहीत आहे. कामापुरतं तेवढं. "दोन नंबरचा पंप बंद करते." "कर." "गाळ वर येतोय." "बघतो." एका छताखाली, एका टाकीवर, समोरासमोर. आता मी बोलणार आहे आणि तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. जिवंत होतास तेव्हा गेटचा विषय निघाला की एक वाक्य तू मला पूर्ण करू दिलं नाहीस.

आपण एकाच दिवशी लागलो होतो, आठवतं? मिठागरांच्या पलीकडे, खारफुटीला चिकटून असलेला प्लांट, आत शिरल्याशिरल्या तो वास. तुला जाळीच्या मागे जाऊन उलटी झाली. मी कोळ्याची पोर, सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेली, मला काही वाटलं नाही. तू तोंड धुऊन आलास आणि म्हणालास, "भोईरणी, तुझं नाक आहे का नुसतीच नथ घालायला ठेवलंय?" पहिलं वाक्य हे. ओळख नाही, पाळख नाही. मी तुला शिवी दिली. तिथून आपली दोस्ती.

आणि दोस्ती खरी होती रे. त्याचाच तर त्रास आहे. तू सरळ हलकट माणूस असतास तर मी आज हे बोलत बसले नसते.

बाई ऑपरेटर येईल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं तेव्हा. बायकांसाठी संडास नव्हता. अख्ख्या शहराचा मैला जिथे येतो तिथे मला जायला जागा नाही. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं, तूच ओळखलंस. साहेबांकडे जाऊन भांडलास, जुन्या सामानाची खोली रिकामी करून तिथे संडास बांधून घेतलास, कडी स्वतः बसवलीस, दारावर लाल रंगाने 'महीला' लिहिलंस. 'ही' दीर्घ काढलीस. मी हसले तर म्हणालास, "दीर्घच बरी. लांबून दिसते."

मग ते गाळाच्या चरात पडलेलं. मी फळीवरून घसरले आणि कमरेपर्यंत आत. तू हात दिलास, बाहेर ओढलंस, पाइपाने मला धुतलंस, हसून हसून तुझे डोळे भरले होते. स्वतःचा दुसरा शर्ट दिलास, इस्त्रीचा. त्याही वेळी तुझ्या लॉकरमध्ये एक इस्त्रीचा शर्ट जास्तीचा असायचा. पण ही गोष्ट तू कोणाला सांगितली नाहीस. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर मला रिटायर होईपर्यंत चिडवलं असतं. तुझं ते तोंड बंद ठेवणं मला तेव्हा गुण वाटला होता.

तुला सगळं स्वच्छ दिसायला हवं असायचं. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना सांगितलंस, मी पाणीखात्यात आहे. मी म्हटलं, "कुठलं पाणी ते सांगितलंस का?" तर म्हणालास, "पाणी ते पाणी गो. नंतर कळेल तिका." लग्नानंतर शुभांगीला कळलं तेव्हा तिने काही दिवस तुझे कपडे घरात धुवायचे बंद केले होते. तूच सांगत होतास, चहा पिता पिता, हसत. आपण टाकीच्या कठड्याला टेकून उभे असायचो. टाकी नीट चालत असली की तिला घाण येत नाही, नुकत्याच खणलेल्या मातीसारखा वास येतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आपण दोघं तो वास घेत उभे असायचो आणि वाद घालायचो. तू म्हणायचास, बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं की आपलं काम झालं. मी म्हणायचे, दिसण्याचं काय घेऊन बसलास, ते जातं कुठे ते बघ. तू म्हणायचास, "तू कोळीण म्हणून बोलतेस." मी म्हणायचे, "हो, कोळीण म्हणूनच बोलते." वाद कधी मिटला नाही. तेव्हा त्याने काही बिघडतही नव्हतं.

मग तू सुपरवायझर झालास. आधी तात्पुरता. ऑर्डर पक्की व्हायची होती.

आता त्या दिवसावर येते. तुला यायचं नसलं तरी.

ब्लोअर जळून पडला होता. हवाच नाही म्हटल्यावर टाकीतले मैला खाणारे जंतू मरणार, मग टाकी काळी पडणार, सडक्या अंड्यांसारखी घाण सुटणार. झालं तसंच. आणि त्याच दुपारी तपासणीला लोक येणार होते. साहेबांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. तू बाहेर आलास तो घाम पुसत. मी म्हटलं, "सांगून टाक ना सरळ. ब्लोअर बंद आहे, पाणी नीट निघत नाहीये. ओरडतील, लिहून जातील. फाशी देणार आहेत का?" तू म्हणालास, "तुला नाही कळणार."

मी पॅनल रूममध्ये गेले. थोड्या वेळाने बघते तर आत येणारा मैला एकदम कमी. पहिल्यांदा वाटलं मीटर बिघडला. मग कळलं. बायपास.

तुला मी बायपास शिकवायला नको. टाक्यांत न जाता मैला तसाच्या तसा खाडीत सोडायची ती वाट. प्लांट बुडायची पाळी आली तरच उघडायची, तीही वर कळवून, खाडीवरच्या लोकांना सांगून. आपण कामाला लागलो त्या आठवड्यात हे आपल्याला एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं.

मी धावत आले. तू गेटच्या चाकावर होतास. शिंदे तुझ्या बाजूला, दोघं मिळून चाक फिरवत होतात. खाली काळं पाणी धो धो निघालं होतं.

"परब, बंद कर!"

"गप. टाकीवरचा लोड कमी केला की वरचं पाणी जरा निवळेल. तपासणी होईपर्यंतचा प्रश्न आहे गो."

"ओहोटी आहे! बायका चिखलात उतरल्यात!"

"ओहोटीलाच तर लवकर बाहेर जाईल."

"माझी आई आहे रे खाली!"

तू थांबलास. हे मी विसरलेले नाही. तुझे हात चाकावर थांबले. तू माझ्याकडे बघितलंस. त्या क्षणी तू ते चाक उलटं फिरवलं असतंस तर मी तुला जन्मभर काही बोलले नसते. मग तू शिंदेला म्हणालास, "फिरव." मी चाकाला हात घातला, तर माझं मनगट धरून मला बाजूला केलंस. जोरात नाही. हळूच. तसं, जसं एखाद्याला वाटेतून बाजूला करतात.

आईला फोन लावायचा प्रश्नच नव्हता, चिखलात जाताना ती फोन घरी ठेवते. मी मागच्या फाटकातून बाहेर पडले आणि खारफुटीतल्या पायवाटेने धावत सुटले. पोचले तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. काळं, वर फेस, फेसात काय काय ते बोलत नाही. बाकीच्या बायका बाजूच्या उंचवट्यावर चढल्या होत्या. आई चिखलातून धरलेल्या निवट्यांची, त्या बारक्या मासळीची, टोपली सांभाळत उभी होती, मला बघून म्हणाली, "अगो, कनाला धावतेस? ह्यो रोजचाच पानी हाय." तिच्या पायाला सकाळीच कालवाच्या शिंपल्याने कापलं होतं. चिंधी बांधून तशीच उतरली होती. चिंधी काळी झाली होती.

पुढचं तुला माहीत आहे. साखर होतीच तिला. पाय सुजला, मग काळा पडला. सरकारी रुग्णालयात आधी बोटं काढली, मग घोट्याच्या वरून पाय. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, जखम आहे, खाडीचं पाणी आहे, कुठल्या एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. त्यांचं बरोबर असेल. पण तू त्या वाक्यामागे जाऊन लपलास. "खाडीत अख्ख्या मुंबईचं येतं गो. माझ्याच गेटातून आलेलं लागलं कशावरून?" हे तू मला रुग्णालयाच्या जिन्यात बोललास. माझी आई वर शुद्धीवर यायची होती.

आणि एवढ्यावरही मी कदाचित कधीतरी थंड झाले असते. माणूस घाबरतो, चुकतं, मान्य. पण कोणीतरी त्या काळ्या पाण्याचा व्हिडिओ काढला होता, तो फिरला, चौकशी बसली. वरच्या मजल्यावरची मीटिंगची खोली. टेबलापलीकडे दोन अधिकारी. तू उभा राहिलास, इस्त्रीचा शर्ट, आणि म्हणालास, "गेट उघडलं तेव्हा मी जाळीवर होतो. शिफ्टला भोईर होत्या. त्या शिफ्ट सोडून निघून गेल्या." शिंदेला विचारलं. शिंदे म्हणाला, "साहेब, मला आठवत नाही." मी बोलले, सगळं बोलले, ओरडून बोलले. पण शिफ्ट सोडून मी गेले होते हे खरंच होतं. फाटकावरच्या माणसाने मला धावताना बघितलं होतं.

खोलीबाहेर मी तुला गाठलं. "परब, माझ्या तोंडाकडे बघून बोल."

तू जमिनीकडे बघत म्हणालास, "माझी ऑर्डर जायची गो, ज्योती. तुझं काय, बदली होईल, परत येशील."

परत येशील! जशी काही मी माहेरी चालले होते.

माझ्या नावावर शेरा पडला, बदली झाली. एका पंपिंग स्टेशनवर टाकलं मला, दोन पंप आणि एक खुर्ची. ते मी निभावलं. पण कोळीवाड्यात काय पसरलं ते तुला कोणी सांगितलं का? भोईरांच्या पोरीनेच गेट उघडलं. सरकारी कागदावर तसं आहे म्हटल्यावर कोण कशाला दुसरं मानेल? मासळी सुकवायला बसलेल्या बायका मी आले की उठायच्या. एकजण तर मला ऐकू जाईल असं बोलली, "आयशीच्या पायावर गू सोडला हिने." मी त्या वाड्यात जन्मले, परब. तिथली पोरं मला मावशी म्हणायची. ती पोरं मोठी होऊन मला बघून रस्ता बदलायला लागली. आई सांगायची सगळ्यांना, ज्योतीने नाय उघडला. लोक म्हणायचे, आईच ती, तसंच बोलणार.

काही वर्षांनी मी परत आले. तू म्हणाला होतास तसंच. पहिल्या दिवशी तू माझ्या टेबलावर चहाचा ग्लास आणून ठेवलास. कोणाला न सांगता, स्वतः. मी तो उचलला आणि तुझ्यासमोर बेसिनमध्ये ओतला. तू रिकामा ग्लास उचलून घेऊन गेलास. परत कधी आणलाही नाहीस. चार दिवस जरी आणला असतास, तर पाचव्या दिवशी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण तू एका दिवसात हरलास. तुझं असंच असायचं.

तुझी शोकसभा चौकशीच्या त्याच खोलीत झाली. तेच टेबल, त्यावर तुझा फोटो, त्याला हार. शुभांगी पुढच्या खुर्चीत बसली होती, बाजूला तिचा भाऊ. मी शेवटच्या रांगेत होते, ते पण नवीन साहेबांनी सगळ्यांना सक्तीने बोलावलं म्हणून. साहेब चांगला माणूस आहे, पण त्याला तुझ्याविषयी काहीच माहीत नाही. कोणीतरी लिहून दिलेलं वाचत होता. म्हणाला, परबांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकदाच बायपास उघडला गेला आणि त्यातही परबांचा काही दोष नव्हता, ते चौकशीत सिद्ध झालं आहे.

मी उठले. ठरवून नाही. पाय आपोआप उभे राहिले.

"ते गेट परबांनी उघडलं होतं," मी म्हटलं. "मी समोर होते."

साहेब म्हणाला, "मॅडम, ही ती वेळ नाही." मी म्हटलं, "ती वेळ याच खोलीत येऊन गेली. तेव्हा कोणी ऐकलं नाही." शुभांगीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या भावाने "काय बाई आहे" म्हटलेलं मला ऐकू आलं. मी खाली बसणार होते. इतक्यात भिंतीकडून शिंदेचा आवाज आला.

"हो. मी होतो चाकावर. परबसाहेबांबरोबर." मग म्हणाला, "भोईर मॅडम बंद करा म्हणून ओरडत होत्या."

शिंदेला आता आठवलं! तू मेल्यावर. एवढी वर्षं माझ्या डब्यातलं खात होता, आणि त्याच्या जिभेवर हे होतं. मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि थोबाडीतही मारावीशी वाटली. साहेबाने कागद घडी करून खिशात घातला. सभा तिथेच संपली. शुभांगी निघताना माझ्या खुर्चीजवळून सरळ पुढे गेली.

संध्याकाळी घरी आले आणि आईला सांगितलं. सगळं. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. ती बोंबील निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "मना ठाव हाय गो. त्यानंच सांगितलान मना."

"कोणी?"

"परबानं. कवाच सांगितलान."

परब, तू माझ्या घरी येत होतास. मी घरी नसताना. माझी शिफ्ट लावणारा तूच, मी कधी नसते ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! नकली पाय बसवायला आईला कोण घेऊन गेलं, मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती शेजारचा. शेजारचा! तू उंबऱ्यावर बसायचास, आत ये म्हटलं तरी यायचा नाहीस. पहिल्यांदा आलास तेव्हा रडलास म्हणे.

"पाय धरतो म्हनला," आई म्हणाली. "मी सांगितला, कंचा धरतस बाबा?"

आणि ती हसली. पाय गेलेली ती, आणि हसते.

मी चिडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर इतकी ओरडले. "मला का नाही सांगितलंस? वाडा मला शिव्या देत होता!"

"सांगितला असता तं तू त्याचा जीव घेतला असतास. त्याची नोकरी गेली असती, बायकोपोरां हायत." मग म्हणाली, "माज्या पायाचा होता ना, मी माफ केला. तुज्या नावाचा मी कशी माफ करनार? ता त्याना तुला सांगाला पायजे होता. मी दर येली सांगायची त्याला, जा, ज्योतीशी बोल. हां म्हनायचा. जेवायचा नि जायचा."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातला जाळ वाढलाच आहे, कमी झालेला नाही. तुला वाटलं असेल, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे माफी मागितली, झालं. झालं नाही. तू सोपी बाई बघितलीस. उंबऱ्यावर रडायला काही लागत नाही, परब. ऐकणारी एक म्हातारी, बाजूला मांजर. तेच तू त्या खोलीत, त्या टेबलासमोर उभा राहून बोलायला हवं होतंस. तिथे बोलला असतास तर काय गेलं असतं? ऑर्डर? ती तर पक्की झाली, तू रुबाबात फिरलासही. मग नंतर तरी? दर वर्षी एक दिवस तरी असा येत असेल ना, की आज बोलून टाकू? मी समोरच बसलेली असायचे. वीस पावलांवर.

आई म्हणाली, मला त्याच्या तेराव्याला जायचंय. मी म्हटलं, मी नेणार नाही. ती म्हणाली, नको नेऊस, रिक्षा मिळते. आणि खरंच कुबडी घेऊन निघाली. मग काय करणार? मुलुंडला तुझ्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत मीच घेऊन गेले. लिफ्टपर्यंत सोडलं आणि बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. वरून भटजींचा आवाज येत होता. वॉचमनने विचारलं, "परबांकडे? वर जा ना मॅडम." मी म्हटलं, "नाही, मी इथेच."

जरा वेळाने शुभांगी खाली आली. डोळे सुजलेले, हाताला पीठ लागलेलं. माझ्या समोर उभी राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देणार, आणि देऊ दे म्हटलं मी मनात, मी पण तयार होते.

ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुम्हालाच दोष देत होते. घरी तुमचं नाव निघालं की मी काहीबाही बोलायचे. ते गप्प बसायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत की, नको बोलू."

मी कट्ट्यावर सरकून तिला जागा केली. ती बसली नाही.

"वर या. जेवून जा."

"नाही."

"तुमच्या आई माझ्या सासूच्या खुर्चीत बसल्यात. मला म्हणाल्या, तुझा नवरा माझ्याकडे येऊन निवट्यांचं कालवण खायचा." ती माझ्याकडे बघत राहिली. "खाडीची मासळी ते घरात आणू द्यायचे नाहीत हो. चिंबोरीसुद्धा नाही. मला म्हणायचे, मला माहीत आहे त्या पाण्यात काय असतं. पोरांना तर बोटही लावू द्यायचे नाहीत."

ती परत वर गेली. मी कट्ट्यावर बसून राहिले आणि तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय. त्या ताटात काय वाढलंय ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. माझी आई अजूनही खाडीचंच खाते, दुसरं कुठलं खाणार? आणि तू उंबऱ्यावर बसून तिच्या हातचं सगळं खाल्लंस, वर आणखी मागून घ्यायचास म्हणे. याला काय म्हणायचं मला कळत नाही. हे भोगणं होतं का ढोंग होतं, का नुसतं एका म्हातारीला नाही म्हणता येत नव्हतं? तू असतास तर विचारलं असतं. नाही, असतास तर मी विचारलंच नसतं, कारण मला कळलंच नसतं.

आई खाली आली. मी तिला रिक्षात बसवलं. "जेवलीस?" विचारलं. "जेवले," म्हणाली. "फोटो बरा लावलाय त्याचा. इस्त्रीचा शर्ट हाय."

साहेबाने मला सांगितलंय की शिंदेचं आणि माझं लेखी घेऊन जुनी चौकशी परत उघडायचा प्रयत्न करतो. करू दे. शेरा निघेल, कदाचित. वाड्यात कोणीतरी पेपर वाचून दाखवेल. मला हवं होतं ते मिळेल, पण ते तुझ्या तोंडून हवं होतं.

तू एकदा तरी उभा राहून बोलला असतास ना, परब, तर मी काल वर आले असते. शुभांगीच्या बाजूला बसून, लोक काय म्हणतील ते म्हणू दे, गळा काढून रडले असते तुझ्यासाठी. माझ्यासाठी संडास बांधून घेतलेला, मला गाळातून काढलेला माणूस होतास तू. माझा एवढा जुना मित्र गेला आणि मला रडायचीसुद्धा सोय तू ठेवली नाहीस.